मोहो काढायचाय: सॅटेलाइट ग्रॅव्हिटी घेऊ की रिसीव्हर फंक्शन?

डेझर्टेशनचे विषय ठरायची वेळ आली की कोणीतरी ज्युनियर हमखास विचारतो, दादा मोहोवर (म्हणजे पृथ्वीचं वरचं कवच क्रस्ट आणि त्याखालचं मॅन्टल यांच्यातली सीमा) करायचंय, ग्रॅव्हिटी घेऊ की सिस्मिक, म्हणजे भूकंपाच्या लाटा? फोनवर अर्धा तास जातो आणि तरी शेवटी तो रूममेटने घेतलंय तेच घेतो, म्हणून यावेळी एकदाच लिहून टाकतोय. मी एमएस्सीला ग्रॅव्हिटी केली, नंतर काही वर्षं रिसीव्हर फंक्शन या सिस्मिक पद्धतीत घालवली, त्यामुळे मार दोन्हीकडचा खाल्लाय.

आधी माझी फजिती ऐका. माझा डेझर्टेशनचा नकाशा दिसायला एकदम भारी होता, लाल-निळा, गुळगुळीत कॉन्टूर, आणि खाली वाक्य की सरासरी मोहो ३६ किमी निघाला, जो आधीच्या अभ्यासांशी जुळतो. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी एकच विचारलं, रेफरन्स डेप्थ किती टाकली होतीस? म्हटलं ३५. ते हसले आणि पुढे काही विचारलंच नाही, तेच जास्त लागलं. कारण ग्रॅव्हिटी इन्व्हर्जनला (मोजलेल्या ग्रॅव्हिटीवरून खालची रचना काढणाऱ्या हिशेबाला) आपणच सांगतो की मोहो ३५ च्या आसपास आहे, आणि ते बिचारं फक्त त्या ३५ च्या वर-खाली मोहो किती हलतोय तेवढं काढतं. मग सरासरी ३६ आली यात ग्रॅव्हिटीचं काय कर्तृत्व, तो आकडा मीच कोड चालवायच्या आधी टाइप केलेला.

तर या दोन पद्धतींतला सगळा झगडा इथेच आहे. मोहो ही मुळात सिस्मिक वस्तू. ८ ऑक्टोबर १९०९ ला क्रोएशियात कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला, झाग्रेबच्या आंद्रिया मोहोरोविचिचने रेकॉर्ड बघितले तर पी लाटा (भूकंपाच्या सगळ्यात आधी पोचणाऱ्या) दोनदा आलेल्या, एक वरवरून हळू आणि एक खालून फिरून पण जोरात. म्हणजे खाली कुठेतरी वेग एकदम वाढतो, क्रस्टच्या तळाशी साडेसहा-सात किमी प्रति सेकंद आणि मॅन्टलमध्ये शिरलं की आठच्या आसपास. ही उडी म्हणजे मोहो. ग्रॅव्हिटीला वेग बिग काही कळत नाही, तिला कळते घनता. बहुतेक ठिकाणी दोन्ही उड्या एकाच खोलीवर असतात म्हणून आपलं चालून जातं, नसतात तिथे काय होतं ते पुढे सांगतो.

पण ग्रॅव्हिटीवाल्यांना कमी लेखू नका, आणि त्यांची सुरुवात आपल्याकडचीच आहे. जॉर्ज एव्हरेस्टच्या भारताच्या सर्व्हेत कलियाना आणि कलियानपूर या दोन ठिकाणांच्या अक्षांशातला फरक ताऱ्यांवरून एक आला आणि जमिनीवर मोजून दुसरा आला, ५.२३६ सेकंदांचा घोळ. कलकत्त्याच्या प्रॅटने हिशेब केला की हिमालय ओळंब्याला किती ओढेल, तर उत्तर आलं १५.८८५ सेकंद, म्हणजे हिमालय जेवढा ओढायला हवा तेवढा ओढतच नव्हता. १८५५ मध्ये एअरीने म्हटलं की डोंगराखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलेलं असणार. मोहोचं बारसं व्हायच्या ५४ वर्षं आधी हे लोक मोहोचा आकार ओळखून बसले होते, नुसत्या ओळंब्यावर.

आता सॅटेलाइट. ग्रेस २००२ पासून होता, दोन जुळे सॅटेलाइट एकमेकांच्या मागे साधारण २२० किमीवर, पण मोहोच्या कामासाठी खरा घोडा म्हणजे गोचे. १७ मार्च २००९ ला उडाला, साधारण २५५ किमीवरून फिरायचा, जे सॅटेलाइटच्या मानाने फारच खाली, त्यामुळे हवेचं घर्षण मारून काढायला सतत आयन इंजिन चालू ठेवायचं, आणि आत अर्ध्या मीटरवर ठेवलेल्या अॅक्सेलरोमीटरच्या तीन जोड्या, ज्या ग्रॅव्हिटीचा ग्रेडियंट, म्हणजे ती जागेनुसार किती बदलते ते, मोजायच्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या इंजिनाचा झेनॉन वायू संपला आणि ११ नोव्हेंबरला तो खाली येऊन जळाला. त्याच्या डेटावरून मिलानच्या लोकांनी जेम्मा नावाचा सगळ्या जगाचा मोहो नकाशा काढला, आणि मोठी गोष्ट ही की सगळीकडे सारख्याच दर्जाचा डेटा. सिस्मिकमध्ये युरोप-अमेरिकेत पॉइंट नुसते सांडलेत आणि आफ्रिका-अॅमेझॉनमध्ये अजून मोठमोठी भोकं आहेत, तिथे गोचेने खरंच उपकार केलेत.

मग अडचण काय? एवढा खाली म्हटला तरी तो २५५ किमी वर आहे, आणि मोहो ४० किमी खाली. ग्रॅव्हिटीचा सिग्नल उंचीबरोबर एक्स्पोनेन्शियली मरतो, आणि वेव्हलेंग्थ जेवढी लहान तेवढा पटकन. हिशेब करून बघा. मोहोवर ५०० किमी वेव्हलेंग्थची घडी असेल तर जमिनीपासून २५५ किमी वर जाईपर्यंत तिचा साधारण पंचविसावा भाग उरतो, ठीक आहे, मोजता येतो. १०० किमीची घडी असेल तर जमिनीवर पोचेपर्यंतच फक्त ८ टक्के उरलेली असते आणि तिथून सॅटेलाइटपर्यंत त्या ८ टक्क्यांचाही साधारण नव्वद लाखावा भाग. ग्रेडियंट मोजल्याने थोडं भरून निघतं पण जादू होत नाही, म्हणून गोचेचं रिझोल्यूशन ८०-१०० किमीच्या खाली जात नाही. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम साधारण ८०० किमी धरला तर मोजून आठ-दहा पिक्सेल. सगळं कोकण, समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत, एका पिक्सेलमध्ये बसतं! त्यामुळे 'सह्याद्रीच्या कड्याखाली मोहो कसा बदलतो' असा विषय घेऊन नुसत्या गोचेच्या डेटावर बसलात तर दुधाची तहान ताकावर.

इथे पोरं एक शॉर्टकट मारतात. सॅटेलाइट-ओन्ली मॉडेल सोडून इजीएम २००८ हे सगळ्या जगाचं ग्रॅव्हिटी मॉडेल घेतात कारण ते २१९० डिग्रीपर्यंत (डिग्री जेवढी जास्त तेवढा तपशील बारीक) जातं, म्हणजे ९-१० किमीचं रिझोल्यूशन. आयसीजीईएम या ग्रॅव्हिटी मॉडेलांच्या साइटवर मॉडेल निवडा, ग्रिड द्या, फाइल फुकट डाउनलोड, दहा मिनिटांचं काम. पण एवढं बारीक रिझोल्यूशन येतं ते समुद्रावर अल्टिमेट्रीतून (सॅटेलाइटने मोजलेल्या समुद्राच्या उंचीतून) आणि जमिनीवर जमिनीवरच्याच ग्रॅव्हिटी स्टेशनांमधून, आणि जिथे असा डेटा मिळाला नाही अशा काही भागांत बारीक तपशील चक्क टोपोग्राफीवरून भरलाय. म्हणजे तुम्ही टोपोग्राफीच टाकून मोहो काढणार आणि मग लिहिणार की मोहो टोपोग्राफीशी सुंदर जुळतो, आयसोस्टसी (डोंगर खालच्या हलक्या मुळावर तोललेले असतात ही एअरीची कल्पना) सिद्ध झाली. मी असे पेपर रिव्ह्यूला बघितलेत.

रेफरन्स डेप्थबरोबर दुसरी गोम म्हणजे डेन्सिटी कॉन्ट्रास्ट. क्रस्टचा तळ आणि मॅन्टल यांच्यातला फरक ०.३ धरा की ०.६ ग्रॅम प्रति घन सेंमी, दोन्ही आकडे तुम्हाला कुठे ना कुठे छापलेले सापडतील. १०० मिलिगॅलची (मिलिगॅल हे ग्रॅव्हिटी मोजायचं एकक) रुंद अॅनोमली, म्हणजे अपेक्षेपेक्षा आलेला फरक, ०.३ ला मोहोचा ८ किमी खड्डा होते आणि ०.६ ला फक्त ४ किमीचा. डेटा तोच, लॅपटॉप तोच. बंद पोत्याचं वजन सांगून आत ज्वारी किती आणि खडे किती हे विचारण्यासारखं आहे. त्यात वरचे गाळाचे थर, आतले जड इंट्रुजन, आणि खाली मॅन्टलमधलं जे काही आहे ते सगळं त्याच वजनात. आपल्या डोक्यावर तर आणखी भानगड, श्रीलंकेच्या दक्षिणेला जिऑइड, म्हणजे ग्रॅव्हिटीने ठरणारी समुद्रसपाटी, १०६ मीटर खाली गेलाय, जगातला सगळ्यात खोल, आणि त्याचं कारण मॅन्टलमध्ये खोलवर आहे, मोहोशी त्याचा संबंध नाही. दक्षिण भारताचं काम करताना ही लांब वेव्हलेंग्थ काढून टाकली नाहीत तर ती गुपचूप तुमच्या मोहोत येऊन बसते.

आता रिसीव्हर फंक्शन. ३० ते ९० अंश लांबचा, साडेपाच मॅग्निट्यूडच्या वरचा भूकंप घ्यायचा, त्याची पी लाट स्टेशनखालून वर येते, मोहोवर तिच्यातला थोडा भाग एस (दुसऱ्या प्रकारची, हळू लाट) होतो आणि तो मागून पोचतो. साडेचार सेकंद उशीर झाला तर मोहो साधारण ३७ किमी. झू आणि कानामोरी यांचं २००० सालचं एच-कप्पा स्टॅकिंग लावलंत तर क्रस्टची जाडी आणि व्हीपी-व्हीएस (पी आणि एस लाटांचे वेग) गुणोत्तर दोन्ही मिळतात, आणि स्टेशन चांगलं असेल तर २ किमीच्या आत-बाहेर खात्रीने सांगता येतं. यातही गृहीतक आहेच, पण कमी घातक, व्हीपी ०.१ ने चुकला तरी खोली अर्ध्या किमीनेच हलते. मात्र गुणोत्तर नुसतंच गृहीत धरलंत आणि ते ०.१ ने चुकलं तर ४ किमी गेले, तेव्हा मागून येणारे मल्टिपल (मोहो आणि जमिनीमध्ये आपटून परत आलेल्या लाटा) दिसत नसतील तर फार छाती काढू नका.

त्याची खरी किंमत वेगळीच आहे. एका स्टेशनला एक आकडा, तोही भोवतालच्या दहा-बारा किमीपुरता. आणि आपल्याकडे चांगले भूकंप बहुतेक पूर्वेकडूनच येतात, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, जपान, त्यामुळे स्टेशनच्या पूर्वेकडचा मोहो छान दिसतो आणि पश्चिमेकडचा अंधारात. स्टेशन स्वतः लावायचं म्हटलं तर किमान दीड-दोन वर्षं रेकॉर्डिंग पाहिजे, म्हणजे तुमची एमएस्सी संपली. आमच्या एका स्टेशनचं सोलर पॅनेल चोरीला गेलं आणि दुसऱ्याचा नॉर्थच चुकलेला, कारण बेसाल्टवर होकायंत्र ठेवलं की खडकातल्या मॅग्नेटायझेशनने काटा फिरतो, हे लावणाऱ्याला माहीत नव्हतं (लावणारा मीच). सहा महिन्यांचा डेटा फिरवून फिरवून सरळ करावा लागला. डेटा उघडा मिळतो का हाही प्रश्न आहेच, हैदराबादच्या एचवायबीसारखी काही स्टेशनं जगासाठी खुली आहेत, बाकीच्यांसाठी गाइडची ओळख आणि पत्रव्यवहार.

डेक्कनमध्ये दोन्ही समोरासमोर कसे उभे राहतात बघा. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर सत्तरच्या दशकात एनजीआरआयने (हैदराबादची भूभौतिकी संशोधन संस्था) स्फोट करून दोन डीप सिस्मिक प्रोफाइल घेतले, गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी. त्यातून मोहो ३५-४० च्या पट्ट्यात दिसला. याच भागात ग्रॅव्हिटीचे दोन ठळक लो आहेत, कोयना आणि कुर्डुवाडी, आणि त्यांचा अर्थ काय यावर गेली कित्येक वर्षं वाद चालू, कोणी म्हणतं क्रस्ट जाड, कोणी म्हणतं ट्रॅपखाली (डेक्कनच्या लाव्हाच्या थरांखाली) हलका खडक दबलाय. ग्रॅव्हिटी एकटी हा वाद कधीच मिटवू शकणार नाही, दोन्ही उत्तरं तिला सारखीच पटतात. शिवाय ट्रॅपचा लाव्हा वर येताना क्रस्टच्या तळाला जड मॅग्मा चिकटलेला असेल तर त्याची घनता मधलीच कुठेतरी, मग सिस्मिक मोहो एक सांगणार आणि ग्रॅव्हिटी मोहो दुसरा, आणि दोघंही खोटं बोलत नाहीयेत. दक्षिण तिबेटमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होतं, खाली घुसलेल्या भारतीय क्रस्टचं एक्लोजाइट, म्हणजे जड खडक, झालं की त्याची घनता मॅन्टलजवळ जाते आणि ग्रॅव्हिटीला ती सीमा जवळपास दिसेनाशीच होते.

तर माझं मत. तुमचा एरिया काहीशे किमीपेक्षा लहान असेल आणि तिथे स्टेशनचा डेटा हातात असेल, तर डोळे झाकून रिसीव्हर फंक्शन, सहा-आठ स्टेशनं झाली तरी डेझर्टेशन भक्कम होतं. एरिया अख्खा पेनिन्सुला किंवा त्याहून मोठा असेल तर गोचेवर आधारलेलं मॉडेल घ्या, पण छापलेले सिस्मिक पॉइंट आधी गोळा करून. उइएडा आणि बार्बोझा यांनी २०१७ मध्ये दक्षिण अमेरिकेसाठी हेच केलं, रेफरन्स डेप्थ आणि कॉन्ट्रास्ट मनाने न टाकता वेगवेगळ्या जोड्या चालवल्या आणि सिस्मिक पॉइंटशी सगळ्यात कमी चूक येणारी जोडी उचलली, आणि त्यांचा पायथन कोड खुला आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो. यात क्रस्ट १.० या जागतिक क्रस्ट मॉडेलचे आकडे मात्र सिस्मिक पॉइंट म्हणून वापरू नका, त्यात डेटा नसलेल्या जागी सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या प्रदेशावरून आकडा भरलेला असतो. आणि समुद्रात काम करायचं असेल, समजा आपल्या पश्चिम किनाऱ्याबाहेरचं लक्ष्मी बेसिन, तर मी सरळ ग्रॅव्हिटी घेईन, कारण अल्टिमेट्रीमुळे तिथे रिझोल्यूशन कितीतरी बरं आहे, मोहो १०-२० किमीवरच असल्यामुळे सिग्नल मरायच्या आत वर पोचतो, आणि समुद्रतळावर सिस्मोमीटर टाकायचं बजेट तुमच्या गाइडकडे नसतं. तिथे क्रस्ट कॉन्टिनेंटल की ओशनिक हा वाद अजून जिवंत आहे, त्यामुळे लिहायलाही भरपूर मिळतं.

ग्रॅव्हिटीच घेतलीत तर पहिल्या आठवड्यात कोडला हात लावू नका. नकाशावर सिस्मिक पॉइंट मांडा, मोजा, पंधरा-वीस निघाले तर निम्मे ट्यूनिंगला वापरा आणि निम्मे कपाटात ठेवा, शेवटी तपासायला काढायचे. चार-पाचच निघाले तर एरिया बदला, गाइड कितीही म्हणाला बघू पुढे तरी. आणि रेफरन्स डेप्थ २५ पासून ४५ पर्यंत पाच-पाच किमीने बदलून सगळे नकाशे परिशिष्टात लावा, कारण ते हसणारे सर अजून व्हायव्हाला जातात.