बुद्ध पौर्णिमेचं मचाण : हरणं न बुजवता चढणं आणि उतरणं

नागपूरच्या आसपास पेंच, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला इथे वनविभाग बुद्ध पौर्णिमेला ‘निसर्गानुभव’ घडवतो. पाणवठ्याजवळच्या मचाणावर दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत बसायचं, सोबत गाइड किंवा वनकर्मचारी, आणि जेवण-पाणी आपलं आपण न्यायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाल्यापासून मचाणावर बसणं म्हणजे फक्त बघणं. पण चितळाला आपल्या मनातलं कळत नाही. माणसाचा वास, आवाज किंवा आकार जाणवला की ते पाणी न पिताच पळतं. मे महिन्यात पाणी मोजक्या ठिकाणीच उरलेलं असतं, त्यामुळे एक कळप बुजवला की त्याची तहान आपण लांबवली असं समजावं. म्हणून या उपक्रमाबद्दल लिहिताना वाघ दिसतो का, हा प्रश्न आम्ही मागे ठेवतो. मचाणापर्यंत पोचवतात कसं आणि परत नेतात कसं, यावरच सगळी रात्र ठरते.

उपक्रमातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे जिप्सी, सफारीची उघडी गाडी. या जंगलांतल्या चितळांना सफारीच्या गाड्यांची सवय आहे. गाडी आली तर ती थोडी सरकतात आणि पुन्हा चरायला लागतात. तीच चितळं पायी चालणारा माणूस दिसला की खूर आपटतात, शेपटी उभारतात आणि ओरडतात. त्यामुळे गाडी थेट शिडीला लागली पाहिजे. उतरताना इंजिन चालू ठेवायला सांगा. दार पाण्याच्या उलट बाजूला उघडेल अशी गाडी लावायला लावा. आधी गाइड वर चढेल, कारण फळ्यांखाली गांधीलमाशा किंवा साप नाहीत हे त्यालाच बघायचं असतं. मग आपण चढायचं, आणि शेवटी दोरीने पिशव्या ओढून घ्यायच्या. हे सगळं दोन-तीन मिनिटांत व्हावं. मग गाडीने त्याच वेगात, शक्यतो रिव्हर्स न घेता पुढे निघून जावं. जनावरांच्या लेखी आलेली गाडी निघून गेली आणि विषय संपला.

काही मचाणांशी गाडी भिडत नाही, शेवटचा टप्पा पायी असतो. इथेच बहुतेकांचं बिघडतं. मेमध्ये सागाची वाळलेली पानं पापडासारखी वाजतात. जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) किंवा गाडीच्या चाकोरीची उघडी माती सोडू नका. गाइडच्या मागे एका ओळीत राहा. ‘चर्र, चर्र’ असा एकसारखा ठेका फक्त माणसाच्या चालीला असतो. चितळ चार पावलं टाकतं, थांबतं, पुन्हा दोन टाकतं. तसंच पाच-सहा पावलांनी थांबत चला. चितळाने मान वर केली तर जागीच थिजा, नजरेला नजर देऊ नका, शेपटी खाली येऊन ते पुन्हा चरायला लागेपर्यंत थांबा. एकदा ते ओरडलं की मात्र रेंगाळण्यात अर्थ नाही, सरळ मचाण गाठा. गाइडला मागे टाकून पुढे जाणं किंवा वाट सोडणं कुठल्याही कारणाने नको, हे वाघ-अस्वलाचं रान आहे.

बूट पातळ रबरी तळाचे, कापडी घ्या. जाड ट्रेकिंग बूट या पानांवर फार वाजतात. मचाणावर चढल्यावर ते काढून मोजे ठेवा आणि फळ्यांवर गोधडी अंथरा, म्हणजे कूस बदलली तरी करकर होत नाही. लोखंडी शिडीला पायऱ्यांवर पोत्याचे तुकडे सुतळीने बांधले तर फार फरक पडतो. नागपूरच्या इतवारी बाजारात रिकामी पोती सहज मिळतात. ही सोय आयोजकांनीच करून ठेवायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे. आडोशाला हिरवी प्लास्टिक जाळी बांधलेली असेल तर तिची सैल टोकं आधी खोचून घ्या. वाऱ्यावर ती फडफडते आणि त्या फडफडीने सांबर दूरच थांबतं.

आता वाऱ्याचं. दुपारी गरम वारा साधारण पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून असतो. सूर्य बुडाला की तो पडतो आणि जमिनीलगतची गार हवा उतारावरून नाल्यात, नाल्यातून खाली वाहू लागते. दुपारी बरोबर वाटलेली जागा रात्री चुकीची ठरते ती यामुळे. पाणवठा नाल्यात असेल तर मचाण पाण्याच्या खालच्या अंगाला असलेलं चांगलं, म्हणजे रात्रभर आपला वास पाण्यापासून लांब जातो. नाल्याच्या खालून वर येणाऱ्या जनावराला तो लागेल, त्याला इलाज नाही. बोरच्या डोंगराळ नाल्यांत हे विशेष जाणवतं. वारा बघायला सावरीचा कापूस खिशात ठेवा, त्याची बोंडं उन्हाळ्यात फुटतात. चिमूटभर सोडला की हवा कुठे वळते ते दिसतं. मचाण निवडायची मुभा नसते, पण गाडी कुठल्या वाटेने आणायची आणि पायी कुठल्या बाजूने जायचं, हे गाइडशी बोलून ठरवता येतं.

कपड्यांना चकाकी आणणारी पावडर आणि नीळ नको. हरणांना लाल रंग नीट कळत नाही, पण निळा आणि त्याच्या पलीकडचा अतिनील प्रकाश त्यांना आपल्याहून चांगला दिसतो, आणि तसल्या पावडरीने धुतलेलं कापड त्यात उजळून दिसतं. कपडे रिठ्याने धुवा. उन्हाळ्यात जंगल राखाडी-तपकिरी असतं, तेव्हा गडद हिरव्यापेक्षा मातकट रंग बरा. तोंडाला बांधायचा पांढरा दुपट्टा घरी ठेवा, मातकट किंवा मरून आणा. मोबाइलचा पडदा सर्वांत घातक, तो पिशवीतच राहू द्या. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर लावा आणि ती फक्त मचाणाच्या आत वापरा. पेंचला २०२४मध्ये ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली, तिथे तर उजेडाचा मोह टाळायलाच हवा. कॅमेऱ्याचा बीप आणि फोकसचा दिवा आधीच बंद करा.

पाणी माणशी पाच लिटर, बाटल्यांना कापडी खोळ. दशमी आणि कोरडी चटणी कापडात बांधा. चिवड्याचं पाकीट रात्री अकराला उघडलं तर पाणवठ्यापलीकडे ऐकू जातं. अत्तर, सुगंधी तेल आणि डासांचं मलम नको, त्याऐवजी पूर्ण बाह्या आणि पायमोजे. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तर अजिबात नको : वासही येतो आणि थुंकायलाही लागतं. खोकल्याची उबळ येत असेल तर ज्येष्ठमधाचा तुकडा तोंडात धरा. लघवीसाठी रुंद तोंडाची झाकणाची बाटली हवीच, रात्री खाली उतरायचं नाही.

चितळं उन्हं कलल्यापासून अंधार पडेपर्यंत येतात, सांबर बहुतेक अंधारात. म्हणून साडेतीनपर्यंत मचाणावर असायला हवं. गेटवरची नोंदणी रेंगाळून पाच वाजले तर ऐन पाण्याच्या वेळी आपणच कळप उधळतो. नोंदणी लवकर उरकणारं गेट आमच्या दृष्टीने चांगलं गेट.

शांत बसू शकणाऱ्या मोठ्या माणसांना हा अनुभव आम्ही मनापासून सुचवतो. लहान मुलांना त्या रात्री घरीच राहू द्या.

परतीकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. मेच्या मध्यावर नागपुरात साडेपाचनंतर सूर्य उगवतो आणि पहाटे पुन्हा कळप येतात. सामान पाचच्या आत, अंधारातच आवरून ठेवा. पाण्यावर जनावर असेल तर गाडीला शंभरेक मीटरवर, इंजिन चालू ठेवून थांबू द्या. हॉर्न नको, हाका नकोत, हाताने खूण पुरते. कळप आपल्या चालीने सरकला की मग गाडी शिडीला लावायची, आधी पिशव्या सोडायच्या आणि पाण्याकडे पाठ न करता एकेकाने उतरून थेट गाडीत बसायचं. पाण्याकडे पाठ केली तर पाण्यावर येणारं अस्वल उशिरा दिसतं.