अँटिव्हायरस घ्यावं की बटणांचा फोन?

दुकानातल्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरसची मुदत संपल्याची लाल पट्टी दिसायला लागली की मालक विचारतो, "दरवर्षी हे पैसे भरायचेच का?" रावेर-सावद्याचा केळी व्यापारी असो, जळगावच्या दाणा बाजारातला आडत्या असो की शिरपूरचा कृषी केंद्रवाला, प्रश्न हाच. माझं उत्तर जरा वाकडं आहे. हातात दोन हजार रुपये असतील, तर आधी त्यातून एक साधा बटणांचा फोन घ्या. अँटिव्हायरसचं नंतर बघू.

तुमचा पैसा जाण्याची वाट कोणती, ते आधी बघा. कॉम्प्युटरवर टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर असतं, जीएसटीची बिलं असतात. बँक मात्र खिशातल्या फोनमध्ये असते, आणि त्याच फोनवर दिवसभर व्हॉट्सअॅपचा मारा चालू असतो. बऱ्हाणपूरचे बोर्ड भाव, नातेवाइकांच्या पत्रिका, पीक विम्याच्या बातम्या, सगळं तिथेच.

फोन: तीन उपाय, तीन वेगळ्या किमती

गेली काही वर्षं चाललेला प्रकार असा. "पीएम किसान", "आरटीओ चलान", "लग्नपत्रिका" अशा नावाची एक फाइल व्हॉट्सअॅपवर येते. नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ते अॅप असतं. पत्रिका फोटो म्हणून येते नाहीतर पीडीएफ म्हणून, एपीके म्हणून कधीच येत नाही. दाबलं की फोन विचारतो, बाहेरचं अॅप टाकू का? गिऱ्हाईक समोर उभं असताना तो प्रश्न कोण वाचतो. मग अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुम्ही बघायच्या आत भलतीकडे पोचलेला असतो. व्हॉट्सअॅप नव्या फोनवर चालू करायचा कोडही सहसा एसएमएसनेच येतो. तोही गेला की तुमचं व्हॉट्सअॅप चोराच्या हाती, आणि तीच फाइल तुमच्या नावानं साऱ्या ग्रुपवर. म्हणून "ओळखीच्या नंबरावरून आली होती" या बोलण्याला आता काडीचा आधार नाही. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपासच्या लगीनसराईत तर अजिबातच नाही.

पहिला उपाय म्हणजे फोनमध्ये अँटिव्हायरस अॅप टाकणं. विकतची बरीच आहेत. फुकटात हवं असेल तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या हैदराबाद केंद्राचं एम-कवच २ आहे. ही अॅप वाईट नाहीत, पण ती ओळखीच्या चोराला पकडतात. रोज नवं नाव, नवा मुखवटा घेऊन येणाऱ्या फाइलपुढे ती थोडी मागे पडतात.

दुसरा उपाय फुकट आहे आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा बरा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "अनोळखी अॅप इन्स्टॉल करा" असा भाग असतो. तिथे व्हॉट्सअॅप, क्रोम आणि फाइल मॅनेजर या तिघांची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे अॅप तपासणारी सोय, चालू ठेवा. काही अॅप टाकताना ते आधी बंद करायला सांगतात. असं कुणी सांगितलं की तिथेच थांबायचं. घरातल्या प्रत्येक फोनवर हे करून द्या, पोराच्या फोनवर आधी.

तिसरा उपाय बटणांच्या फोनचा. ज्या खात्यात खरी रक्कम आहे, म्हणजे कॅश क्रेडिट (सी.सी.), मुदत ठेवी, केळीचे किंवा कापसाचे पैसे, त्या खात्याला जोडलेलं सिम या फोनमध्ये टाकायचं. त्यात व्हॉट्सअॅप नसावं, इंटरनेट नसावं. एपीके फाइल चालायला अँड्रॉइड लागतं, साध्या बटणांच्या फोनवर ती चालतच नाही, त्यामुळे ओटीपी चोरायचा हा रस्ताच बंद होतो. मोठे व्यवहार कॉम्प्युटरवर नेट बँकिंगनं करायचे आणि ओटीपी या फोनवर बघायचा. काउंटरवरच्या क्यूआरसाठी आणि रोजच्या यूपीआयसाठी दुसऱ्या बँकेत वेगळं खातं उघडायचं. त्यात दोन-चार दिवसांच्या उलाढालीपुरतेच पैसे ठेवायचे, बाकी संध्याकाळी मोठ्या खात्यात. ते खातं एखाद दिवशी रिकामं झालंच, तर दुखेल; धंदा बसणार नाही.

अमळनेर-धुळ्याकडची माणसं "मना फोनमा काय शे?" म्हणून विषय उडवून लावतात. फोनमध्ये तुमच्या सी.सी.च्या मर्यादेएवढं काही असतं, भाऊ.

यात त्रासही आहे, तो लपवत नाही. दोन फोन सांभाळायचे, दोन चार्ज करायचे. यूपीआय सुरू करताना सिम त्याच फोनमध्ये लागतं, त्यामुळे मोठ्या खात्यावर अॅपवरचं यूपीआय मिळणार नाही (मला हा तोटा वाटत नाही, पण मुंबईत शिकणाऱ्या पोराला रात्री अकराला पैसे पाठवणाऱ्या बापाला वाटेल). सिमचा रिचार्ज विसरायचा नाही. फार दिवस बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, आणि तुमचे बँकेचे मेसेज त्याच्याकडे जायला लागतात. तुमच्याच नंबराचं दुसरं सिम कुणी तुमच्या नावानं काढलं, तर बटणांचा फोनही काही करू शकत नाही. असा फोन अचानक "नेटवर्क नाही" दाखवायला लागला की टॉवरला शिव्या घालत बसू नका, सरळ बँकेला फोन करा.

आणि जिथे माणूस स्वतःच्या हातानं पैसे पाठवतो, तिथे हे तिन्ही उपाय निकामी. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून कुणी "डिजिटल अरेस्ट" म्हणाला, तर असली अटक आपल्या कायद्यात नाही एवढं घरच्यांना माहीत असावं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हेही तसंच.

कॉम्प्युटर: फुकटचं डिफेंडर की विकतचं अँटिव्हायरस

इथे स्पर्धा वाटते त्यापेक्षा जवळची आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर हे अँटिव्हायरस आधीपासूनच असतं, आणि एव्ही-टेस्टसारख्या स्वतंत्र चाचणी संस्थांकडून ते अनेकदा पूर्ण गुण घेऊन आलं आहे. विकतचं घेतलं की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतं. गंमत अशी, की विकतच्याची मुदत संपूनही कित्येक दुकानांत ते तसंच पडून असतं. नव्या व्हायरसची माहिती येणं थांबलेलं, आणि मालक निर्धास्त. नूतनीकरण करायचं नसेल तर ते काढून टाका आणि डिफेंडर चालू झालंय का ते बघा.

विकतच्याचा खरा फायदा कोणता? माझ्या अनुभवात, त्याच्यामागे उभा असलेला माणूस. क्विक हील पुण्याची कंपनी, तिचे विक्रेते तालुक्याच्या गावापर्यंत आहेत. अडलं तर कुणीतरी दुकानात येतं. ज्याला सेटिंगमध्ये हात घालायची भीती वाटते, त्याच्यासाठी त्या माणसाचे पैसे द्यावेत. नुसत्या सॉफ्टवेअरसाठी द्यावेत असं मला वाटत नाही. ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर तर जड अँटिव्हायरस टाकून टॅली रांगायला लागते.

दोन्ही एकदम फुकट जातात ती जागा म्हणजे क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून चालवलेलं, विंडोज किंवा टॅली. क्रॅक टाकणारा आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो. मग घराला कुलूप कुठल्या कंपनीचं, ही चर्चाच उरत नाही.

अँटिव्हायरसपेक्षा अपडेट मोठं, याला २०१७ सालचा दाखला आहे. त्या वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरात कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं, त्यांच्या मशीनमध्ये त्या वाटेनं त्याला शिरता आलं नाही. आता तोच प्रश्न आपल्या दारात आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे दुकानांतली पुष्कळ जुनी मशीन त्यात बसत नाहीत. अशा मशीनवर महागडं अँटिव्हायरस घालण्यापेक्षा ते पैसे नव्या मशीनकडे वळवा. तोवर जुन्यावर निदान नेट बँकिंग करू नका.

बॅकअप

२०१७ च्याच जूनमध्ये नॉटपेट्या आला. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली, आणि मर्स्क या जहाज कंपनीमार्फत तो आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचला. निर्यातीच्या केळीचे कंटेनर जातात ते हेच बंदर. म्हणजे हिशेबाचं अधिकृत सॉफ्टवेअर वापरूनही दगा होऊ शकतो. अशा वेळी कामाला येतो तो बॅकअप.

मुनीमजी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतात, आणि तो पेन ड्राइव्ह वर्षभर मशीनलाच खोचलेला असतो. मशीन कुलूपबंद झालं की तोही झाला. गूगल ड्राइव्ह त्यापेक्षा बरा, कारण फाइल बिघडली तरी तिच्या आधीच्या आवृत्त्या साधारण ३० दिवस मिळतात. पण इंटरनेट धड हवं. सगळ्यात भरवशाचं म्हणजे दोन बाहेरच्या डिस्क. एक आठवडा ही, एक आठवडा ती, आणि जी वापरात नाही ती घरी. महिन्यातून एकदा त्यातला बॅकअप उघडून बघा. कधी न उघडलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

ओटीपी, ऑथेंटिकेटर, पासकी

बँकेच्या बाबतीत फारसा पर्याय आपल्या हातात नाही, बँक देईल ते घ्यायचं. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांनी एसएमएसखेरीज इतर मार्गांनाही वाट दिली आहे. तुमची बँक काय देते, ते शाखेत विचारा. निवड करायची आहे ती जीमेलसाठी, आणि ती महत्त्वाची आहे. बाकी बऱ्याच खात्यांचे पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते.

ऑथेंटिकेटर अॅप लॉगिनचा आकडा फोनवरच तयार करतं; तो दर ३० सेकंदांनी बदलतो आणि एसएमएसनं येत नाही, हा फायदा. पण खोट्या पानावर तुम्ही स्वतःच तो टाकलात, तर चोर तो लगेच खऱ्या पानावर वापरतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं किंवा अंगठ्यानं आत शिरायची सोय, इथे सरस ठरते. ती खऱ्या वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. तुमचा डोळा फसला तरी ती फसत नाही. अडचण एकच, दुकानाचं जीमेल मुनीम, मुलगा आणि मालक तिघं वापरत असतील, तर पासकी तिघांच्या फोनवर करावी लागते. करा, आणि मुनीम काम सोडून गेला की त्याची त्याच दिवशी काढा.

गावाकडचे आई-वडील

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पैसे अंगठ्यावर निघतात, तिथे ओटीपीचा प्रश्नच येत नाही. त्यांच्यासाठी आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, लॉक करणं हा उपाय. आधारच्या अधिकृत अॅपवर ते होतं. बदल्यात रेशन घ्यायला जाताना दर वेळी थोड्या वेळासाठी उघडावं लागतं, आणि ते करून द्यायला घरात कुणी नसेल तर म्हाताऱ्या माणसाला दुकानातून हात हलवत परत यावं लागेल. घरात कुणी करून देणारं असेल तरच लॉक करा. नाहीतर अंगठ्याच्या खात्यात रक्कम कमी ठेवलेली बरी.

गेलेच पैसे तर

आधी १९३० (सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी फोन नंबर) आणि बँक, लगोलग. पोलीस ठाण्याची चक्कर त्यानंतर. तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास तोटा तुमच्यावर येत नाही. तुम्हीच ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणून फोन किती वाजता केला, ते लिहून ठेवा.

विकतचं अँटिव्हायरस मी कुणाला सांगतो, तेही सांगून टाकतो. जिनिंग किंवा दाल मिल असेल, पाच-सात कॉम्प्युटर एकाच जाळ्यात असतील आणि हमाली, वजनकाटा, बिलिंग सगळं त्यावर चालत असेल, तर कंपन्यांसाठीचं अँटिव्हायरस घ्या, ज्यात सगळी मशीन एका पडद्यावर दिसतात. कोणत्या मशीनचं अपडेट अडकलंय आणि काट्यावरच्या पोरानं कुठला पेन ड्राइव्ह लावला, हे मालकाला ऑफिसात बसून कळतं. एकट्या मशीनच्या दुकानाला त्याची गरज नाही.