केबल की डबी? बॅटरी बसल्यावरचा प्रश्न

सेल्फ मारला की नुसतं कट्-कट्-कट्, मीटरचे दिवे मिणमिणतात आणि विझतात. हा आवाज ज्यांनी एकदा ऐकलाय त्यांना पुढचा प्रश्न पडतोच: दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जंपर केबल घेऊन ठेवावी, की स्वतःचीच बॅटरी असलेली लिथियमची जंप स्टार्टर डबी? मी आधी केबल घेतली, दोन वर्षांनी डबी. गाडी १.२ लिटर पेट्रोल, मॅन्युअल. तुमची मोठी डिझेल असेल तर पुढचं थोडं कमी-जास्त करून वाचा.

केबलवर अन्याय नको, म्हणून आधी तिच्याबद्दल. तिला चार्जिंग लागत नाही, मे महिन्यात बंद गाडीत भाजून निघाली तरी तिचं काही बिघडत नाही. घेताना फक्त जाडीला फसू नका. स्वस्तातल्या केबलचं वरचं रबर बोटाएवढं आणि आत तार सुतळीएवढी, तीही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. सेल्फ मारताना अशी केबल हाताला गरम लागते. म्हणजे ताकद वाटेतच खर्ची पडतेय. चिमट्याचे दोन्ही जबडे तारेला जोडलेत का तेही बघा, बऱ्याचदा एकच जोडलेला असतो. लावायचा क्रम माहीत असेलच. शेवटचा काळा चिमटा मात्र बसलेल्या बॅटरीला नको, जरा लांब इंजिनाच्या उघड्या धातूला. ठिणगी शेवटच्या जोडणीला उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असू शकतो.

इथवर केबल उत्तम.

गणपतीला आम्ही अकरा दिवस रेल्वेने कोकणात गेलो. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि डॅशकॅमची पार्किंग मोडची, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू ठेवणारी वायर थेट बॅटरीला जोडलेली. परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं. कट्-कट्-कट्. भरलेली बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते. माझी ११च्याही खाली. केबल डिकीत होती. दुसरी गाडी कुठून आणायची?

पहिल्या मजल्यावरचे काका दारातूनच म्हणाले, "अहो, नवीन आहे माझी. सेन्सर-बिन्सर उडाले तर?" त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, त्यांच्या जागी मीही कदाचित हेच म्हणालो असतो. समोरच्या विंगमधला एक मुलगा बिचारा बनियनवरच खाली आला आणि त्याने गाडी आणली. पण माझ्या गाडीचं नाक भिंतीकडे, एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला एक कुलूपबंद गाडी, जिचा मालक बंगळूरला. त्या मुलाच्या गाडीचं बॉनेट येऊन थांबलं माझ्या डिकीपाशी, आणि केबल अडीच मीटरची. शेवटी वॉचमन, तो मुलगा आणि मी, तिघांनी गाडी मागे ढकलून वळवली, नाकासमोर नाक आणलं. पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. केबलने तिचं काम चोख केलं; वैताग होता तो दुसऱ्याच्या बॉनेटचा, आणि सकाळी सातला दारोदार फिरण्याचा.

(ढकललीच होती तर दुसऱ्या गिअरवर धक्का स्टार्ट का नाही, असं विचाराल. पार्किंग सपाट, आणि बॅटरी इतकी उतरली की पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) साथ देतील याची खात्री नसते. ऑटोमॅटिकवाल्यांना तर हा मार्गच नाही.)

डबी त्यानंतर आली. जाडजूड पुस्तकाएवढी. केबलच्या तिप्पट-चौपट पैसे गेले. खोक्यावर १००० अँपिअर छापलंय, तो क्षणभराचा आकडा, फार मनावर घेऊ नका. आत्तापर्यंत तीनदा वापरली: दोनदा माझ्या गाडीला, एकदा मित्राच्या २.२ लिटर डिझेलला. डिझेलला पहिल्यांदा नाहीच जमलं. चिमटे दोन-तीन मिनिटं तसेच लावून ठेवले, मग उचललं. तिन्ही वेळा कुणाला उठवावं लागलं नाही.

कटकटी तिच्याही आहेत. बॅटरी पार झोपली असेल तर डबीला ती जोडलेली कळतच नाही. मग बूस्टचं बटण दाबावं लागतं, आणि माझ्या डबीत ते दाबलं की उलट्या जोडणीपासूनचं संरक्षण बंद होतं. अशा वेळी लाल-काळं दोनदा तपासा. उन्हात तापणाऱ्या गाडीत ती ठेवायची नाही. शिवाय ती स्वतःच उतरली तर आडात नाही तर पोहऱ्यात कुठून! म्हणून माझी डबी घरी राउटरशेजारी असते, दर दुसऱ्या लाइट बिलाला चार्जिंगला लागते आणि लांबच्या प्रवासात बॅगेत येते. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी बसली तर ती घरीच असेल, हे कबूल.

गावाकडे अंगणात ऐसपैस जागा असेल, हाक मारली की शेजारचा ट्रॅक्टर येत असेल, तर केबल पुरे. फक्त मदतीला थांबलेल्या ट्रकला ती लावू नका, मोठ्या ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची असते. खांब-भिंतीमधल्या पार्किंगवाल्याने मला विचारलं तर मी डबीकडे बोट दाखवेन. माझी केबल अजून स्टेपनीखाली पडून आहे; टाकवत नाही. आणि तेवढी डॅशकॅमची वायर काढून घ्या, मी परतल्यावर चौथ्या दिवशी काढली.