नागिणीनंतरच्या आगीवर प्रीगॅबॅलिन, काही महिन्यांचा अनुभव

नागीण गेली, खपल्या पडल्या, पण उजव्या बरगडीखालची आग काही जाईना. ब्लाऊजची शिवण नुसती टेकली तरी करंट बसल्यासारखं व्हायचं, पंख्याचा वारासुद्धा नको वाटायचा. साध्या पेनकिलरने काडीचा फरक नाही. मग न्यूरोच्या डॉक्टरांनी प्रीगॅबॅलिन ७५ मिलिग्रॅमची गोळी दिली, आधी रात्री, नंतर दोन वेळा. फिटची गोळी म्हटल्यावर घरचे घाबरले, पण घाबरण्यासारखं काही नाही, याच जातीची गॅबापेंटिन १९९३ साली अमेरिकेत फिटसाठीच आली आणि २००२ मध्ये तिला नागिणीनंतरच्या दुखण्यासाठीही मान्यता मिळाली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं ते मला फार पटलं. बरगडीतली नस दुखण्याचा सिग्नल मज्जारज्जूपर्यंत आणते, तिथे मागच्या भागात तो पुढच्या पेशीकडे जातो, त्यासाठी नसेच्या टोकात कॅल्शियम शिरावं लागतं, तेव्हाच ग्लुटामेट, सबस्टन्स पी असली रसायनं बाहेर पडतात. प्रीगॅबॅलिन कॅल्शियम आत शिरायच्या दाराच्या, म्हणजे कॅल्शियम चॅनेलच्या, अल्फा-२-डेल्टा नावाच्या भागाला चिकटते, मग कॅल्शियम कमी शिरतं, रसायन कमी सुटतं आणि सिग्नल तिथेच मंदावतो. खराब झालेली नस याने दुरुस्त होत नाही. हिची रचना गाबासारखी (गाबा म्हणजे मेंदूतले सिग्नल शांत करणारं रसायन) असली तरी गाबा जिथे चिकटतं त्या रिसेप्टरवर ही काम करत नाही. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल दुखण्यावर देतात ती कार्बामाझेपिन वेगळी, ती सोडियम चॅनेलवर चालते.

मला आधी फरक पडला तो झोपेत, रात्रभर सलग झोप लागायला लागली, आग त्यानंतर हळूहळू उतरली. आता सुती ब्लाऊज दिवसभर चालतो आणि माझ्यासाठी ही खरंच मोठी गोष्ट आहे! त्रास म्हणाल तर सुरुवातीला सकाळी उठताना चक्कर यायची, भिंतीला धरून बाथरूमला जायचे, पावलं सुजली, वजनही वाढलं. ही गोळी किडनीतून जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडते म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) बघूनच डोस ठरवतात, आणि दारू किंवा ट्रामाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या पेनकिलरबरोबर श्वास मंदावू शकतो, तेव्हा आधीची सगळी औषधं डॉक्टरांना दाखवाच. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करायची नाही, माझा डोस सध्या टप्प्याटप्प्याने उतरवतायत. आग परत आलेली नाही, त्या पट्ट्यात थोडी खाज मात्र अजून आहे.