मित्राकडे जेवायला जायचंय: ट्रेनने की विमानाने?

दुसऱ्या शहरातल्या मित्रमैत्रिणींकडे जायचं ठरलं की आधी विचारलं जातं, किती वेळ लागेल? मग विचारलं जातं, तिकीट कितीला पडेल? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण जायचं ते भेटायला आणि सोबत बसून खायला, तर मी तासांच्या आधी जेवणं मोजतो. जाऊन-येऊन त्यांच्याबरोबर किती जेवणं होणार? आणि त्यातल्या किती जेवणांना आपल्याला धड भूक असेल, डोळ्यांवर झोप नसेल आणि लक्ष घड्याळाकडे नसेल? असा हिशोब मांडला की झटकन सुचलेलं उत्तर पुष्कळदा बदलतं.

घराच्या दारापासून ताटापर्यंत

विमान ताशी ८०० ते ९०० किलोमीटरने उडतं आणि चांगल्यातली चांगली वेगवान ट्रेन बहुतेक ठिकाणी ताशी २५० ते ३२० ने धावते. कागदावर ही शर्यतच नाही. पण सव्वा तासाच्या उड्डाणाला काय काय चिकटलेलं असतं ते बघा. घरापासून विमानतळ तासाभरावर. तिथे निदान दीड-दोन तास आधी पोचायचं, कारण सामान घेणारा काउंटर उड्डाणाच्या ४५ ते ६० मिनिटं आधी बंद होतो आणि सिक्युरिटीच्या रांगेचा काही भरवसा नसतो. उतरल्यावर विमान जागेवर लागणं, सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळणं, बाहेर पडणं यात अर्धा-पाऊण तास जातो. मग शहरात शिरायला आणखी तासभर. म्हणजे सव्वा तासाचे झाले सव्वापाच ते सहा तास.

ट्रेनचं स्टेशन बहुधा शहराच्या पोटात असतं. घरून अर्धा तास, फलाटावर पंधरा-वीस मिनिटं आधी, चार तासांचा प्रवास आणि उतरल्यावर मित्राच्या घरापर्यंत अर्धा तास. सव्वापाच तासांत तुम्ही त्याच्या दारात. तेव्हा ट्रेनचे चार तास आणि विमानाचा सव्वा तास जवळपास बरोबरीत सुटतात. ट्रेन चार तासांपेक्षा कमी घेत असेल तर मी विमानाचे दर बघायच्या भानगडीतही पडत नाही. चार ते सहा तासांत विचार करावा लागतो. त्यापुढे दिवसाच्या प्रवासात विमान सरस.

जिथे रुळांवर खरंच पैसा ओतला गेला तिथे लोकांनीही हेच केलं आहे. जपानमधली तोक्यो–ओसाका शिंकान्सेन ही वेगवान ट्रेन १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली तेव्हा साधारण ५१५ किलोमीटरला चार तास लागायचे, आता अडीच तासांच्या आत काम होतं. स्पेनमधला माद्रिद–बार्सिलोना वेगवान मार्ग २००८ मध्ये पूर्ण झाला, अंतर अडीच-तीन तासांवर आलं आणि ट्रेनने विमानांचे प्रवासी मोठ्या प्रमाणात ओढून घेतले. फ्रान्सने तर २०२३ मध्ये कायदाच लागू केला: अडीच तासांत ट्रेनने पोचता येत असेल तर त्या मार्गावर देशांतर्गत विमान नको. प्रत्यक्षात तो मोजक्याच मार्गांना लागू झाला, पण अडीच तासांची रेघ कुठून आली असेल हे वरच्या हिशोबावरून कळतं.

अर्थात ‘ट्रेन’ म्हणून सगळं एकाच मापाने मोजू नका. तुमच्या मार्गावरची गाडी ताशी साठने रेंगाळत जाणारी असेल तर ४०० किलोमीटरलाच सात तास लागतील. लंडन–पॅरिससारख्या सीमेपलीकडच्या मार्गावर ट्रेनलाही सामानाची तपासणी आणि पासपोर्टची रांग असते, तिथे तासभर आधी जावंच लागतं. आणि मित्र विमानतळाच्या बाजूच्या उपनगरात राहत असेल तर गणित उलटं फिरतं. त्याला पत्ता विचारा, नुसतं शहराचं नाव नको.

आणखी एक फरक तासांच्या आकड्यात दिसत नाही. विमानाच्या सहा तासांचे तुकडे तुकडे होतात: टॅक्सी, रांग, ट्रेमध्ये पट्टा आणि लॅपटॉप, पुन्हा रांग, बस, पायऱ्या, सीट, पट्टा. ट्रेनचे चार तास सलग मिळतात. त्यात झोप होते, पुस्तक होतं, डबा उघडून निवांत खाता येतं. समोरच्या छोट्या टेबलावर कप ठेवलेला असतो आणि गाडी वळण घेते तेव्हा कपातला चहा एका कडेला चढतो, परत सपाट होतो. हात आपोआप कपाकडे जातो. बाजूच्या माणसाने काय आणलंय याकडे एक चोरटी नजर जाते. भेटीचा मूड इथेच लागायला लागतो. विमानतळावरच्या सहा तासांत मला तो कधी लागलेला आठवत नाही.

हवेत जेवावं का?

थोडक्यात सांगायचं तर जवळच्या उड्डाणात नको. केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो आणि हवा वाळवंटासारखी कोरडी, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली. नाक कोरडं पडलं की वास कमी येतो, आणि चवीचा मोठा भाग वासाचाच असतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०१० मध्ये लुफ्तान्झा या विमान कंपनीसाठी जमिनीवरच विमानासारखी परिस्थिती तयार करून चवी तपासल्या. त्यात खारट आणि गोड चव चांगलीच मंदावलेली आढळली, आंबट-कडूत फारसा फरक पडला नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात केबिनइतक्या, म्हणजे सुमारे ८५ डेसिबलच्या आवाजात गोडवा कमी आणि उमामी, म्हणजे टोमॅटो-मशरूममध्ये असते ती खमंग चव, जास्त जाणवली. म्हणूनच जमिनीवर टोमॅटो ज्यूसला हातही न लावणारे विमानात तो आवडीने मागतात. तेव्हा विमानातलं जेवण मिळमिळीत लागतं याचा सगळा दोष स्वयंपाक्याला देऊ नये.

आपल्या कामाची गोष्ट मात्र पोटाची आहे. २,४०० मीटरच्या दाबाला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. बंद वेफर्सचं पाकीट विमानात टम्म होतं, तेच पोटात होतं. उड्डाणाआधी सोडा आणि कडधान्यं चापली तर मित्राने खपून केलेल्या जेवणापुढे तुम्ही पोट धरून बसाल. पाणी प्या, थोडंसं काहीतरी खा आणि भूक राखून ठेवा. ट्रेनमध्ये हे पथ्य नाही. उलट तिथे जास्त खाण्याचाच धोका. डायनिंग कार ही काही आजची चैन नाही, अमेरिकेत जॉर्ज पुलमनने १८६८ मध्येच चालत्या गाडीत स्वयंपाकघरासकट जेवणाचा डबा जोडला होता. आज मात्र पुष्कळ गाड्यांत मिळतं ते जेमतेम. घरून नेलेला डबा केव्हाही बरा.

शेवटचं जेवण

लोक जाण्याचं तिकीट काळजीपूर्वक निवडतात आणि परतीचं जे मिळेल ते घेतात. माझ्या मते नेमकं उलट करावं. पोचायला उशीर झाला तर जेवण गरम करता येतं, निघायला उशीर झाला तर विमान थांबत नाही.

रविवारी रात्री आठचं विमान धरा. मित्राच्या घरून पाचच्या आतच निघावं लागणार. रात्रीचं जेवण तर गेलंच, पण दुपारचंही अर्धंच हाती लागतं. चार वाजता कोणीतरी ‘बॅग भरलीस का?’ विचारतं आणि तिथून पुढच्या गप्पांत जीव राहत नाही. रात्री आठच्या ट्रेनला सव्वासातला उठलं तरी चालतं. आणि रात्री साडेदहाची झोपायची गाडी असेल तर पोटभर जेवून, भांडी आवरायला मदत करून निघता येतं.

शनिवार-रविवारच्या भेटीत रात्रीची गाडी सगळ्यांना भारी पडते. शुक्रवारी रात्री निघा, शनिवारी नाश्त्याला हजर. रविवारी रात्री जेवून निघा, सोमवारी सकाळी आपल्या शहरात. दोन दिवसांची सहाच्या सहा जेवणं पदरात पडतात आणि मित्राला एकाच रात्रीची अंथरुणं घालावी लागतात. शुक्रवार संध्याकाळच्या विमानानेही आकडा सहाच्या आसपास जातो, पण त्यातलं पहिलं जेवण रात्री पावणेअकराला, यजमान जांभया देत असताना होतं. शनिवारी पहाटेचं विमान म्हणजे साडेतीनला उठणं. मग दुपारी तुम्ही त्यांच्या सोफ्यावर घोरत असता. ज्याला गाडीत अजिबात झोप लागत नाही त्याने मात्र रात्रीच्या ट्रेनचा हट्ट धरू नये. तारवटलेल्या डोळ्यांनी नाश्ता करण्यापेक्षा शनिवारी सकाळची नऊची गाडी बरी.

परतीचा दुसरा मुद्दा पिशवीचा. यजमान काहीतरी बांधून देतातच. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली चालत नाही. आणि इथे द्रव म्हणजे फक्त पाणी नव्हे. जॅम, मध, दही, सॉस, मऊ चीज, सगळं त्यात आलं. तपासणीच्या पट्ट्यावर ट्रे थांबतो, अधिकारी बॅगेतून तीन पिशव्यांत गुंडाळलेली बरणी बाहेर काढते, प्रकाशात धरते आणि तुमच्याकडे बघते. मागे रांग. बरणी गेली. काही विमानतळांवर नवे सीटी स्कॅनर आल्यापासून हा नियम सैल झाला आहे, पण लागू होतो तो जिथून उडता तिथला, म्हणजे परतताना मित्राच्या शहरातला. ‘येताना तर सोडलं होतं’ हे तिथे कामाचं नाही.

बरणी चेक-इनच्या बॅगेत टाकता येते. तिथे आत हवा कमी राहील अशी काठोकाठ भरा, झाकणाला टेप लावा आणि कपड्यांपासून वेगळ्या जाड पिशवीत ठेवा, कारण दाब घटला की आतली हवा झाकणाला ढकलते. ट्रेनमध्ये हा सगळा व्याप नाही आणि वजनकाटाही सहसा नसतो. देशाची सीमा ओलांडताना मात्र वाहन कोणतंही असो, खाद्यपदार्थांचे नियम पाळावेच लागतात. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या बहुतेक देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये खाण्याची वस्तू जाहीर न करणं चांगलंच महागात पडतं.

वाटेवरचे मित्र

हा ट्रेनचा फायदा कोणी मोजतच नाही. विमान एका टोकाहून दुसऱ्या टोकाला टाकतं, मधलं सगळं ढगाखाली राहतं. ट्रेनच्या वाटेवर शहरं असतात आणि त्या शहरांत कधीकाळच्या ओळखी. मधे उतरून दोन तास एखाद्या मैत्रिणीबरोबर स्टेशनजवळ जेवायचं आणि पुढची गाडी पकडायची, यासाठी फक्त तिकिटाचे नियम आधी वाचावे लागतात. काही तिकिटांवर मधे थांबता येतं, काहींवर त्याच गाडीने जाणं बंधनकारक असतं. तिथे दोन वेगळी तिकिटं काढलेली बरी. ‘खास तुला भेटायला येतो’ म्हटलं की समोरच्याला घर आवरावंसं वाटतं. ‘दुपारी तुझ्या स्टेशनवर दोन तास आहे’ म्हटलं की तो फक्त भूक घेऊन येतो.

बिघाडांचं सांगायचं तर धुक्यात विमान अडकतं, ट्रेन हळू का होईना सरकते. मोठ्या पुरात दोन्ही ठप्प. विमान रद्द झालं तर पुढचं कधीकधी दुसऱ्या दिवशी, गाडी चुकली तर वर्दळीच्या मार्गावर तासाभरात दुसरी. म्हणून विमानाने जाणार असाल तर रेस्टॉरंटमधलं मुश्किलीने मिळालेलं टेबल पोचायच्या संध्याकाळचं घेऊ नका, दुसऱ्या दिवशीचं घ्या.

दरांबाबत एवढंच बघा की विमानाच्या तिकिटात सामान, सीट, दोन्हीकडचा विमानतळ-प्रवास आणि विमानतळावरचा महागडा नाश्ता मिळवल्याशिवाय तुलना करू नका. वेगवान ट्रेनचेही दर आता मागणीनुसार चढतात, आयत्या वेळी दोन्ही महाग. हवामानाची काळजी करणाऱ्यांसाठी ब्रिटन सरकारचे २०२२ चे आकडे बोलके आहेत: देशांतर्गत विमानाने माणशी दर किलोमीटरला सुमारे २४६ ग्रॅम कार्बन उत्सर्जन, ट्रेनने सुमारे ३५.

समुद्रापार जायचं असेल तर बहुधा विमानच. पूर्वेकडे अनेक टाइमझोन ओलांडले की शरीराला जुळवून घ्यायला साधारण झोनमागे एक दिवस लागतो. भूकही जुन्याच वेळेला लागते. तेव्हा यजमानांना आधीच सांगून टाका की पहिल्या रात्री सूप आणि झोप, मोठं जेवण तिसऱ्या दिवशी. मोठा टप्पा विमानाने आणि तिथून ट्रेनने जाणार असाल तर दोन वेगळ्या तिकिटांत भरपूर वेळ ठेवा. विमानाला उशीर झाला म्हणून रेल्वे पैसे परत देईलच असं नाही.

मध्यम अंतरावर, जिथे मन ठरत नाही, तिथे मी जाताना विमान आणि येताना ट्रेन घेतो. जाताना हात रिकामे आणि पोचायची घाई असते, येताना पिशव्या जड असतात आणि घरी वाट बघणारं ताट नसतं. स्वस्त दरांच्या विमान कंपन्या एकेरी तिकीट सहसा वेगळंच विकतात, त्यामुळे हे जमतं. काही कंपन्यांचं एकेरी मात्र दुहेरीएवढंच महाग असतं, म्हणून दोन्ही दर शेजारी उघडून बघा, आणि आधी परतीची गाडी पक्की करा.