ड्रॉ.आयओ : टॉवेलच्या कारखान्यात वापरून पाहिल्यानंतर

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. ऑर्डर आणि मालाच्या नोंदींसाठी स्वतःचे सॉफ्टवेअर करून घ्यायचे ठरले, तेव्हा प्रोग्रामरने आधी कामाचा फ्लोचार्ट, म्हणजे काम टप्प्याटप्प्याने कसे होते ते खोके आणि बाणांनी दाखवणारी आकृती, मागितला. सुरुवातीला घेतलेल्या एका वर्गणीच्या सेवेत मुदत संपताच आमच्याच चार्टमध्ये बदल करता येईनासे झाले, म्हणून ड्रॉ.आयओ या आकृत्या काढण्याच्या प्रोग्रामची डेस्कटॉप आवृत्ती उतरवून घेतली. ती मोफत आहे, लॉगिन मागत नाही आणि इंटरनेटशिवाय चालते.

फ्लोचार्ट हे संगणकवाल्यांचे खूळ आहे, असा आमच्या जुन्या मंडळींचा समज होता. प्रत्यक्षात 1921 मध्ये फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांपुढे प्रोसेस चार्ट मांडला, तो कारखान्यातील कामाच्याच संदर्भात. सॉफ्टवेअरवाल्यांकडे ही पद्धत नंतर गेली. आज सुरुवात-शेवटासाठी लंबगोल, कामासाठी आयत आणि निर्णयासाठी तिरका चौकोन एवढे पुरते. त्या चौकोनाला आमचे डाईंगमास्तर शंकरपाळी म्हणतात आणि आता सगळेच तसे म्हणतात.

खरी गंमत त्या शंकरपाळीतच आहे. रंगवलेले सूत आले की शेड जुळते का, हा प्रश्न मी चार्टवर लिहिला आणि ‘होय’चा बाण वार्पिंगकडे, म्हणजे मागासाठी ताणा तयार करण्याकडे, नेला. ‘नाही’चा बाण कुठे न्यायचा, हे विचारल्यावर मास्तर म्हणाले, पुन्हा रंगवतो, सुपरवायझर म्हणाले, गडद रंगाच्या ऑर्डरला वळवतो, आणि स्टोअरकीपरने शांतपणे सांगितले की बरेचसे सूत कोणत्याही ऑर्डरचा नंबर नसताना गोदामात पडून राहते. वर्षअखेरीस सुताचा हिशेब का जुळत नव्हता, ते त्या एका बाणाने उघड केले.

मात्र हे श्रेय प्रोग्रामचे नाही. शंकरपाळीतून एकच बाण बाहेर पडत असला तरी प्रोग्राम काही बोलत नाही, कारण तो चित्र काढतो, तर्क तपासत नाही. काढण्याच्या कामात मात्र तो हुशार आहे. खोका हलवला की जोडलेले बाण त्याच्याबरोबर येतात. बाण खोक्याच्या कडेवरील ठरावीक बिंदूला जोडला तर तिथेच राहतो, आणि खोक्याच्या पोटात सोडला तर जागा पाहून स्वतःच बाजू बदलतो. हा फरक कळेपर्यंत माझे चार्ट जाळे लागल्यासारखे दिसत. विभागवार उभे पट्टे आखून डाईंग, लूम, शिलाई आणि पॅकिंग यांची कामे वेगळी दाखवता येतात, आणि एका विभागाकडून दुसऱ्याकडे काम कुठे जाते हे तिथे चटकन दिसते. मराठी मजकूर विनातक्रार उमटतो. पीएनजी चित्र काढताना त्यातच मूळ आकृतीची प्रत ठेवण्याचा पर्याय निवडला, तर तेच चित्र पुन्हा उघडून दुरुस्त करता येते. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटली.

आकारांची यादी नको तितकी लांब आहे, नवख्याने तिकडे पाहूच नये. आम्ही मूळ फाइल एकाच संगणकावर ठेवतो, इतरांना पीडीएफ देतो आणि पानाच्या कोपऱ्यात तारीख टाकतो, कारण डाईंग खात्याच्या भिंतीवरची जुनी प्रत काढायला अजून कोणी तयार होत नाही.