दामिनी ॲप: वावरात किती कामाचं?

वीज कुठे पडतेय हे दाखवण्यात दामिनी पक्कं आहे, वेळेवर हाक मारण्यात कच्चं. एवढं ध्यानात ठेवलं तर मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात खान्देशातल्या शेतकऱ्यासाठी हे फुकटचं ॲप फार मोलाचं आहे. पाचापैकी साडेतीन.

ॲप पुण्याच्या आयआयटीएम या केंद्र सरकारच्या हवामान संशोधन संस्थेचं. वीज चमकली की रेडिओ लहरी निघतात. देशभर बसवलेले 80 हून अधिक सेन्सर त्या पकडतात आणि लहर कुठे किती आधी पोचली त्यावरून जागा निघते. ठिपक्याच्या रंगावरून वीज गेल्या 5, 10 की 15 मिनिटांतली ते कळतं. तुमच्यापासून 40 आणि 20 किलोमीटरच्या टप्प्यात वीज आली की इशारा येतो.

एकदा बघून फोन खिशात टाकला तर उपयोग अर्धाच. 10 मिनिटांनी परत उघडा. ठिपके तुमच्याकडे सरकत असतील तर फवारणी तिथेच थांबवा. पंप धुणं, नळ्या गुंडाळणं नंतर.

मुख्य उणीव अशी, की ॲपला पडलेली वीज दिसते. दुपारी ढग नेमका तुमच्याच डोक्यावर तयार झाला, तर पहिल्या विजेआधी नकाशा कोरा असू शकतो. म्हणून वावधन (वादळी वारा) सुटलं की कानही उघडे हवेत. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत. लगेच निघा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका.

इशारा वाजतच नाही, ही तक्रार बहुतेक वेळा फोनची असते. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद करतात. सेटिंगमध्ये दामिनीच्या बॅटरीवरचं बंधन काढा, ऑटोस्टार्ट चालू करा, लोकेशनला ‘नेहमी’ची परवानगी द्या, नोटिफिकेशन तपासा. अपडेटनंतर हे पुन्हा बघावं लागतं. डेटा संपला असेल तर मात्र इलाज नाही, आणि सातपुड्यातल्या रेंज नसलेल्या पाड्यांवर ॲपचा भरवसा धरूच नये.

खरी अडचण वेगळीच. स्मार्टफोन मालकाच्या खिशात, मालक घरी. वावरात सालदार आणि निंदणीच्या बाया, जवळ फार तर बटनांचा फोन. त्यामुळे गावात दोघा-तिघांनी दुपारनंतर नकाशावर नजर ठेवायची, आणि ठिपके 40 च्या आत आले की ग्रामपंचायतीच्या किंवा मंदिराच्या भोंग्यावरून पुकारा करायचा. दूरच्या मळ्यात फोन. हे ठरवलं नाही तर गावातल्या शंभर फोनांत ॲप असूनही मजूर लिंबाखालीच उभे राहतात.

काय करावं, करू नये हे ॲपमध्ये दिलंय, पण आपल्याकडचं थोडं जोडून घ्या. तिन्ही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड आसरा नव्हे. उघडा ट्रॅक्टरही नव्हे. काचा लावलेली जीप चालेल. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर आणि तारेचं कुंपण यांपासून लांब राहा. बैल झाडाला बांधून ठेवू नका: झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते आणि पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने जनावर आधी सापडतं. माणसानेही आडवं पडू नये. आसराच नसेल तर टाचा जुळवून उकिडवं बसावं.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास बंद असेल तर 108 ला फोन लावून लगेच छाती दाबायला घ्या: मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5-6 सेंटीमीटर खोल.

जोडीला एनडीएमएचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं, सचेत ॲप ठेवा. त्यात पूर, उष्णतेची लाट, वादळ सगळे इशारे येतात, पण ते बहुधा अख्ख्या जिल्ह्यासाठी असतात. सकाळी कामाची आखणी सचेत बघून करा, वावरात असताना दामिनी.